चौथ्या सीटचा हिशेब : मोठेपणी क्लिप लावताना दात काढायचे का?

"चार दात काढावे लागतील" हे वाक्य ऐकलं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. खुर्चीत आडवी, तोंडात तो छोटा आरसा, आणि डॉक्टरांनी ते इतक्या सहज सांगितलं जसं काही कुंडीतल्या चार मिरच्या तोडायच्यात. किडलेले नाहीत, हलत नाहीत, दुखत नाहीत, चांगले धडधाकट दात. का काढायचे विचारलं तर "जागा नाहीये" एवढंच उत्तर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेले तर ते म्हणाले छे, हल्ली कुणी दात काढतं का, अलाइनरने (दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांनी) होऊन जाईल. कसं विचारलं तर म्हणे टेक्नॉलॉजी बदललीय. म्हणजे दोघांनीही नुसतं उत्तर सांगितलं, रीत दाखवलीच नाही, शाळेत गणिताच्या पेपरात असं केलं असतं तर बाईंनी अर्धे मार्क कापले असते.

रीत तिसऱ्या डॉक्टरांनी दाखवली. त्यांनी माझ्या खालच्या जबड्याचा मॉडेल टेबलावर ठेवला, एक पातळ तांब्याची तार एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत दातांच्या कमानीवर वळवली, मग ती सरळ करून पट्टीवर मोजली. ही तुमच्याकडे असलेली जागा. मग एकेका दाताची रुंदी मोजून बेरीज केली. ही तुमच्या दातांना लागणारी जागा. फरक आला ६ मिलिमीटर. बास, एवढंच असतं ते "जागा नाहीये" म्हणजे. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की दात काढायचे की नाही हा पहिला प्रश्नच नाहीये, पहिला प्रश्न आहे जागा किती हवी आणि ती कुठून आणायची, दात काढणं हा ती आणायचा एक मार्ग, आणि इतरही मार्ग आहेत, फक्त प्रत्येकाची काहीतरी किंमत आहे.

मी डोंबिवलीची, त्यामुळे मला हे लोकलच्या भाषेतच कळलं. तीन जणींची सीट, त्यावर चौथी येऊन म्हणते "जरा सरका ना", मग ती एका मांडीवर बसते आणि दुसरी हवेत. खालच्या पुढच्या दातांचं नेमकं हेच झालेलं असतं, कुणीतरी तिरकी बसलीये, कुणी मागे ढकलली गेलीये. आता या चौथीला नीट बसवायचं तर काय काय करता येईल?

एक, सगळ्यांनी थोडं थोडं अंग चोरायचं. दातांमध्ये याला आयपीआर म्हणतात, दोन दातांच्या मधे बारीक पट्टी किंवा डिस्क फिरवून वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, अगदी किंचित घासायचं. एका फटीतून साधारण अर्धा मिलिमीटर मिळतो, दोन्ही दातांचा मिळून. ऐकायला भयंकर वाटतं पण नीट केलं तर दात किडतात वगैरे असं काही होत नाही. खालच्या पुढच्या सहा दातांमध्ये पाच फटी, म्हणजे अडीच मिलिमीटर, मागच्या दातांतही केलं तर अजून थोडे. पण किती अंग चोरणार, त्याला मर्यादा आहे.

दोन, बाकच रुंद करायचा. लहान मुलांमध्ये वरचा जबडा खरंच रुंद करता येतो कारण टाळूच्या मधोमध हाडाचा एक सांधा असतो तो अजून पक्का झालेला नसतो, तोंडात स्क्रूवालं एक यंत्र बसवतात आणि आईवडील घरी रोज चावी फिरवतात. आपल्या वयात तो सांधा बहुतेक पक्का झालेला असतो. मग नुसतं यंत्र लावलं तर हाड रुंद होत नाही, दात गालाकडे कलतात, आणि ते रुंदीकरण नव्हे. मोठ्यांसाठी टाळूत मिनी स्क्रू घालून किंवा सर्जरी करून रुंद करायच्या पद्धती आहेत, पण त्या खरोखर अरुंद जबड्यासाठी, दोन मिलिमीटर कमी पडतात म्हणून कुणी त्या करू नयेत. आणि खालच्या जबड्यात तर तसा सांधाच नसतो.

तीन, सगळ्यांनी खिडकीकडे सरकायचं, म्हणजे दाढा मागे नेऊन पुढे जागा करायची. हाडात मिनी स्क्रू घालून त्याच्या आधाराने हे आता पूर्वीपेक्षा बरंच जमतं, पण मागे अक्कलदाढ बसली असेल तर आधी ती काढावी लागते (मग "दात न काढता" कसलं!) आणि जबड्याचं हाड कुठेतरी संपतंच.

चार, चौथीने बाहेरच्या बाजूला लटकायचं. म्हणजे पुढचे दात ओठाकडे ढकलायचे. पुढचे दात १ मिलिमीटर पुढे आणले की कमानीत साधारण २ मिलिमीटर जागा होते, दोन्ही बाजूंना एकेक. स्वस्त आणि सोपं, म्हणून "दात न काढता करून देतो" म्हणणाऱ्यांचा बराचसा भरवसा यावर असतो, स्पष्ट सांगत नाहीत एवढंच. गडबड अशी की खालच्या पुढच्या दातांवर ओठाच्या बाजूचं हाड मुळातच फार पातळ असतं, काहींचं तर कागदासारखं. दाताचं मूळ त्याच्या बाहेर गेलं की हिरडी उतरायला लागते, दात लांब दिसतात, थंड पाणी झोंबतं. शिवाय ज्यांचे दात आधीच पुढे आहेत त्यांचे अजून पुढे येणार, ओठ अजून पुढे.

पाच, एकीने उठायचं. बाकीच्या तिघी ऐसपैस. हे दात काढणं.

उठायला कुणाला सांगतात? बहुतेक वेळा सुळ्याच्या मागच्या पहिल्या उपदाढेला, प्रीमोलर म्हणतात तिला. कारण ती बरोबर मधे बसलेली असते, पुढची गर्दी आणि मागच्या दाढा यांच्यामधे, तिची जागा दोन्हीकडून वापरता येते, आणि तिच्यासारखीच दिसणारी आणि तेच काम करणारी दुसरी तिच्या शेजारीच असते. एकीची रुंदी साधारण ७ मिलिमीटर, दोन्ही बाजूंच्या काढल्या की एका जबड्यात १४ मिलिमीटर जागा. ही जागा भरपूर आहे, आणि ६ मिलिमीटर हवे असताना १४ का उघडायचे हा प्रश्न अगदी बरोबर आहे, मीही तोच विचारला.

तर माझा हिशेब असा होता. गर्दी ६ मिलिमीटर. पण माझे दात पुढेही होते, ओठ नैसर्गिकपणे मिटत नव्हते, तोंड बंद करून बसायचं तर हनुवटी आवळावी लागायची आणि तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडायचे (लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत तो आवळलेला चेहरा आहे, मला वाटायचं मी लाजतेय). पुढचे दात ३ मिलिमीटर मागे न्यायचे तर वरच्या नियमाने उलट्या दिशेने ६ मिलिमीटर जागा लागणार. ६ आणि ६ बारा. आयपीआरने बारा होत नाहीत, कितीही अंग चोरा. दोन उपदाढा काढून १४, त्यातले १२ पुढच्यांना, उरलेले २ मागच्या दाढा एकेक मिलिमीटर पुढे सरकून भरून काढणार. हे सगळं त्यांनी एका प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या मागे लिहिलं, तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आता त्याच महिन्यात ऑफिसातल्या एका कलीगने पण क्लिप लावली. त्याची गर्दी ४ मिलिमीटर, चेहरा बाजूने सरळ, ओठ आरामात मिटतात, उलट थोडे आतच. त्याच्या पुढच्या दातांना मागे न्यायचं कारणच नाही. अडीच मिलिमीटर आयपीआरने, उरलेला दीड दात जेमतेम पाऊण मिलिमीटर पुढे आणून, काम झालं, एकही दात काढला नाही. त्याचे काढले असते तर चूक, माझे ठेवले असते तरी चूक. ढोबळ मानाने डॉक्टर लोक असं धरतात की गर्दी ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सहसा काढायची गरज पडत नाही, १० किंवा जास्त असेल तर न काढता जवळपास जमतच नाही, आणि ५ ते ९ हा सगळा वादाचा पट्टा. तिथे दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देऊ शकतात आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. तिथे निकाल लागतो तो चेहऱ्यावर, हिरड्यांवर आणि चाव्यावर.

चाव्याचं थोडक्यात सांगते. वरचे दात खालच्यांना जास्त झाकत असतील, म्हणजे डीप बाइट, तर दात काढून पुढचे मागे खेचले की ते अजून खोल जायची भीती असते, म्हणून तिथे डॉक्टर काढायला बिचकतात. उलट पुढचे दात एकमेकांना टेकतच नसतील, पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नसेल, तर काढल्याने चावा मिटायला मदत होते. काहींचे फक्त वरचे दोन काढतात, काहींचा खालचा फक्त एक पटाशीचा दात. चारच काढायचे असा काही कायदा नाही.

आणि कुठला काढायचा हेही ठरलेलं नसतं. माझ्या वरच्या डाव्या दुसऱ्या उपदाढेला आधीच रूट कॅनाल आणि कॅप होती. मी विचारलं, धडधाकट का काढता, हीच काढा ना. डॉक्टर हसले, म्हणाले मी तेच सुचवणार होतो, पण ती जरा मागे आहे, त्यामुळे पुढचे दात खेचताना मागची दाढच पुढे घसरायची शक्यता जास्त, त्या बाजूला एक मिनी स्क्रू लागेल. घातला. दीडेक मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा स्क्रू, सुन्न करून दोन मिनिटांत, भिंतीला खिळा मारून दोरी बांधावी तसा. जेवताना पहिला आठवडा जीभ सारखी तिथेच जायची.

आता चेहऱ्याकडे येऊ, कारण खरी भीती तीच असते. दात काढले की गाल बसतात, तोंड आत जातं, माणूस म्हातारा दिसतो. ही भीती हवेतली नाही. वय वाढतं तसे ओठ आपोआप पातळ होतात, चेहरा सपाट होतो, त्यामुळे ज्याचे ओठ आधीच पातळ आणि आत आहेत त्याचे दात अजून मागे नेले तर पन्नाशीत ते नक्की खटकेल. पण लक्षात घ्या, ओठ मागे जातात ते पुढचे दात मागे गेल्यामुळे, उपदाढ काढल्यामुळे नाही. ती जागा कोण वापरतं, पुढचे की मागचे, हे डॉक्टर ठरवू शकतात, सगळी १४ मिलिमीटर गर्दी सोडवण्यातच गेली तर ओठ जागच्या जागी राहतात. आणि दात जितके मागे जातात तितका ओठ जात नाही, कमीच जातो, जाड ओठ तर अजूनच कमी.

घरी बघायचं असेल तर सेल्फी काढू नका, फ्रंट कॅमेरा जवळून नाक मोठं करतो. कुणाला तरी दोन मीटरवरून अगदी बाजूने फोटो काढायला सांगा, ओठ सैल सोडून, मुद्दाम न मिटता. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ मारा, हिला ई-लाइन म्हणतात, अमेरिकेतल्या रॉबर्ट रिकेट्स यांनी सुचवलेली. ओठ रेघेच्या बरेच बाहेर असतील तर मागे न्यायला वाव आहे, बरेच आत असतील तर सावध. पण हे मोजमाप गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आलंय, आपल्याकडे ओठ थोडे भरलेलेच असतात आणि छान दिसतात, त्यामुळे रेघेला देव मानू नका. तुम्हाला तुमचे ओठ आवडतात का, हे डॉक्टरांनी विचारलं पाहिजे आणि नाही विचारलं तर तुम्ही आपणहून सांगितलं पाहिजे.

हा वाद शंभर वर्षांपेक्षा जुना आहे बरं का. दात सरळ करण्याच्या शास्त्राचे जनक मानले जातात ते एडवर्ड अँगल, त्यांचं म्हणणं देवाने ३२ दात दिलेत तर ३२ नीट बसलेच पाहिजेत, एकही काढायचा नाही. १९११ मध्ये शिकागोचे कॅल्विन केस उभे राहिले आणि म्हणाले काहींचे काढावेच लागतात, त्यावरून जोरदार भांडण झालं. मग गंमत म्हणजे अँगल यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला दिसलं की गुरूच्या पद्धतीने केलेल्या आपल्याच पेशंटचे दात पुन्हा वाकडे होतायत आणि चेहरे पुढे आलेत, त्याने १०० पेशंटना परत बोलावून उपदाढा काढून उपचार केले आणि १९४० च्या सुमारास ते सगळ्यांसमोर मांडले. मग लंबक उलटीकडे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या क्लिनिकचे आकडे बघा, १९५३ मध्ये ३० टक्के पेशंटचे दात काढले जात होते, १९६८ मध्ये ७६ टक्के, १९९३ मध्ये परत २८. लोकांचे जबडे काही चाळीस वर्षांत लहानमोठे झाले नसतील, फॅशन बदलली. म्हणून "हल्ली कुणी काढत नाही" किंवा "आम्ही तर सगळ्यांचे काढतो" ही दोन्ही वाक्यं मला सारखीच संशयास्पद वाटतात.

लंबक परत फिरला त्यामागे एक कोर्ट केसही होती. १९८७ साली मिशिगनमध्ये एका मुलीच्या जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याला उपदाढा काढणं जबाबदार धरून ज्युरीने साडेआठ लाख डॉलर भरपाई दिली. डॉक्टर हादरले. त्यानंतर यावर भरपूर संशोधन झालं आणि दात काढल्याने सांधा दुखायला लागतो असं काही सिद्ध झालं नाही. आता तीच गोष्ट श्वासाची चाललीय, यूट्यूबवर बघाल तर दात काढले की जीभ मावत नाही, घोरणं सुरू होतं, वगैरे. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेने २०१९ मध्ये याचा आढावा घेतला, त्यातही दात काढल्यामुळे झोपेतला श्वास अडकण्याचा आजार होतो असा कार्यकारण संबंध आढळला नाही. आणि चेहरा बिघडतोच म्हणतात त्याबद्दल, १९९८ च्या एका अभ्यासात दंतवैद्यांना आणि ऑर्थोडॉन्टिस्टना उपचार झालेल्यांचे चेहरे दाखवून यातल्या कुणाचे दात काढलेत ओळखा म्हटलं, तर उत्तरं निम्म्याच्या आसपास बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून जितकी येतील तितकीच.

आमच्या आईची भीती वेगळीच होती. "अगं, वरचा दात काढला की नजर जाते." ही आपल्याकडे घराघरात आहे. दातांच्या नसा वेगळ्या, डोळ्याची दृष्टीची नस वेगळी, काही संबंध नाही. चाळिशी लागायचं वय आणि दात पडायचं वय आगेमागे येतं, म्हणून लोकांनी जोडी लावून टाकली.

मोठ्यांच्या बाबतीत खरी भीती चेहऱ्याची कमी आणि हिरड्यांची जास्त असली पाहिजे. पायोरिया असेल, हाड खाली गेलं असेल तर आधी त्याचा इलाज, मग क्लिप. तंबाखू, मिश्री चालू असेल तर लपवू नका. डायबेटिस असेल तर शुगर ताब्यात हवी. हाडं ठिसूळ झाल्याची औषधं, त्या आठवड्याच्या किंवा महिन्याच्या गोळ्या, चालू असतील तर ते पहिल्या दिवशी सांगा, त्यातल्या काही औषधांमुळे दात सरकायला वेळ लागतो आणि दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. दात सरकवताना मुळांची टोकं थोडी झिजतात, बहुतेकांची नगण्य, काहींची जास्त, आणि लांब पल्ला असेल तर शक्यता वाढते. आणि वाकडे दात सरळ झाले की दोन दातांच्या मधे हिरडीपाशी छोटे काळे त्रिकोण दिसू शकतात, वयाने हिरडी उतरलेली असते ती आधी गर्दीत लपलेली असते. हे आधी कुणी सांगितलं नाही की नंतर रडू येतं.

अजून एक, वादाच्या पट्ट्यात असाल तर पहिल्याच दिवशी ठरवायची सक्ती नसते. बरेच डॉक्टर आधी न काढता सुरू करतात, चार-सहा महिने दात सरळ होऊ देतात, मग चेहरा आणि हिरड्या बघून परत बोलतात. काढलेला दात परत लावता येत नाही, न काढलेला कधीही काढता येतो. मात्र उलटंही खरं, सहा महिने पुढे ढकललेले दात परत मागे आणायचे म्हणजे मुळांची जा-ये होते आणि वेळही वाढतो, तेव्हा हिशेब स्पष्टपणे बाराचा येत असेल तर उगाच आशेवर सुरुवात करण्यात अर्थ नाही.

तेव्हा ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे) आणि बाजूचा एक्स-रे झाल्याशिवाय कुणी काढायचे किंवा नाही काढायचे सांगत असेल तर मी तरी उठून येईन. उत्तर काहीही द्या, पण माझी गर्दी किती मिलिमीटर, पुढचे दात शेवटी कुठे उभे राहणार, आणि न काढता करणार असाल तर जागा नेमकी कुठून, हे तोंडी नको, कागदावर. समोरचे एमडीएस ऑर्थो, म्हणजे याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, आहेत का हेही विचारायला लाजू नका. दुसरं मत हवं असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर मुंबईत नायर किंवा सरकारी डेंटल कॉलेज, नागपूरचं सरकारी कॉलेज, गोव्यात बांबोळीचं, तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली बघतात, वेळ लागतो, रांग असते, पण मोजमाप अगदी पुस्तकाप्रमाणे करतात.

काढतानाचं विचाराल तर, एका वेळी एका बाजूचे दोन, सुन्न केल्यावर दुखत नाही, दाब आणि कुरकुर आवाज मात्र येतो आणि तो हाडातून येत असल्यामुळे फार मोठा वाटतो. नंतर दोन दिवस आटवल भात आणि वरण. फट बंद व्हायला महिन्याला साधारण १ मिलिमीटर धरा, म्हणजे पूर्ण सात-आठ महिने त्यात मेथी अडकणार. एकूण मला अडीच वर्षं लागली.

क्लिप निघाल्यावर आईकडे गेले तर तिने खिडकीपाशी उभं करून तोंड उघडायला लावलं. "कुठले काढले गं? कळतच नाहीये." मग आरशात स्वतःचे मोजत बसली, आणि म्हणाली माझे खालचे पुढचे दात तुझ्या जन्माच्या वेळी सरळ होते, मी काही क्लिप लावली नाही की काढली नाही, मग हे असे एकावर एक कसे चढले? अक्कलदाढेने ढकलले असतील, असं तिचं मत. तिची अक्कलदाढ तर मी शाळेत असतानाच काढली होती. दात आयुष्यभर थोडे थोडे पुढे, कमानीच्या मध्याकडे सरकत राहतात, ज्यांचे काढलेत त्यांचेही आणि ज्यांचे काढले नाहीत त्यांचेही, हे तिला समजावलं, आणि रात्री झोपताना माझी रिटेनरची, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याची, डबी दाखवली. "रोज घालायची? किती वर्षं?" रोज, म्हटलं, जोवर दात आहेत तोवर.